सात पायऱ्या

समुद्राच्या कडेने भिंत बांधायचं ठरलं, तेव्हा होड्यांसाठी तिच्यात वाटा ठेवायचंही ठरलं. पण वाट मिळणार ती होड्या लागायच्या त्या जुन्या उताराच्या समोरच, आणि जुना उतार कुठे होता हे त्या काळच्या कुणीतरी मोजणी अधिकाऱ्यापुढे जागेवर उभं राहून दाखवायचं. काकाची होडी ज्या सात दगडी पायऱ्यांना लागायची, त्या भरावाखाली जाऊन बावीस वर्षं झाली होती. नकाशावर त्या कधी आल्याच नव्हत्या. काका स्वतः अर्जदार, म्हणून त्याची साक्ष चालेना. बाकीचे म्हातारे एकेक करून गेलेले. उरले ते काकाचे थोरले भाऊ, तिचे बाबा. एकतीस वर्षं त्यांनी त्याच पायऱ्यांवरून खाडीपलीकडे प्रवासी लाँच नेली होती.

"दादा असताना कसली काळजी," काका म्हणाला. "डोळे बांधून लाँच लावायचा हा."

वाट मिळाली नाही, तर होडी नव्या बंदरात ठेवायची, अकरा किलोमीटरवर. साठी उलटलेल्या माणसाने रोज तिथवर जायचं म्हणजे होडी विकल्यातच जमा होतं. काका हे बोलून दाखवत नव्हता. फक्त हल्ली तो जेवताना मधेच उठून होडी बघून यायचा.

तिने नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. काका तिला 'शास्त्रज्ञ' म्हणायचा, आणि घरातला बल्ब गेला की शास्त्रज्ञांना निरोप पाठवायचा. ती वही घेऊन बाबांसमोर बसली.

"पायऱ्या रस्त्यापासून किती लांब होत्या?"

"लांब कसल्या. चपला काढून हातात घेईपर्यंत पाणी."

तिने लिहिलं : अंतर, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मीटर विचारले की बाबा वास सांगायचे. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या फळीवरून घसरत यायच्या, त्यांना चिकटलेल्या ओल्या भुशाचा वास. त्या रस्त्यावर बारा महिने ओल, आणि भर उन्हाळ्यात गावातली झाडून सगळी कुत्री तिथे पसरलेली. पावणेसहाच्या पहिल्या फेरीला रात्रपाळी संपवून निघालेल्या परिचारिका, बसल्या जागी झोपणाऱ्या. सातच्या फेरीला एक शिक्षिका, मांडीवर वह्यांचा गठ्ठा. "पलीकडे पोचेपर्यंत नऊ वह्या तपासून व्हायच्या. वारा समोरून असला तर अकरा." बाजारातल्या मनोऱ्याचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. दुरुस्त करायचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण अख्खं गाव त्याच्यावरच चालत होतं, लाँचसुद्धा. भरती आली की घरात बसून कळायचं. रस्त्याखालच्या मोरीत पाणी गुळण्या करायला लागायचं.

ऐकताना तिला मजा वाटायची आणि धडकीही भरायची. इतकं सगळं आठवत होतं, आणि त्यातलं काहीच मोजपट्टीला लागत नव्हतं.

"बाबा, पण धुक्यात? पायऱ्या दिसत नसतील तेव्हा?"

"पायऱ्या कोण बघतं? धुकं खाली पाण्यावर. वर बघायचं." त्यांनी दोन्ही हात उचलले. "मनोरा बर्फाच्या कारखान्याच्या चिमणीआड गेला की उजवीकडचं बघायचं. तिकडे दीपगृह टेकडीवरच्या टाकीला टेकलं की यंत्र बंद. नाक पायरीला लागलेलं असायचं."

ती वही मिटून उठून उभी राहिली. दोन रेषा. दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात.

पुढचे तीन आठवडे ती त्याच मागे होती. मनोरा अजून होता, दोन उंच इमारतींच्या फटीत. चिमणी पाडली होती. पण तिचा गोल पाया एका वाहनतळात सापडला, त्यावर कुंड्या मांडलेल्या. दीपगृहाचा दिवा कधीच विझला होता. टाकी गळत होती, पण जागची हलली नव्हती. चारही जागा तिने मोजल्या, पुन्हा मोजल्या. बिंदू आला तो किनाऱ्यालगतच्या बागेत, तिसऱ्या दिव्याच्या खांबाजवळ, व्यायामाची लोखंडी यंत्रं मांडली होती तिथे. चूक फार तर चार मीटरची.

"शास्त्रज्ञ, तू तर पुण्य कमावलंस," काका म्हणाला. "आता दादाला एवढंच पढव. तिसरा खांब, बोट खाली, आणि 'इथे' म्हणायचं."

तिने सांगितलं. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

मोजणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. अधिकारी मध्यमवयीन, उन्हाने रापलेला, बोलायला मवाळ होता. यंत्रांवर दोन बायका पाय हलवत होत्या. माणसं जमलेली पाहून त्या बाजूला झाल्या. बाबा तिसऱ्या खांबापाशी जाऊन बरोबर जागेवर थांबले. तिने नजरेनेच अंतर घेतलं. मीटरभरही इकडे तिकडे नाही.

"बोला आजोबा. उतार कुठे होता?"

बाबांनी खाली बघितलं नाही. वर बघितलं, सवयीने. मनोऱ्याच्या दिशेला काचेची इमारत होती. दीपगृहाच्या दिशेला जाहिरातीचा फलक. ते सावकाश, पाय न उचलता स्वतःभोवती फिरले आणि पुन्हा होते तिथे आले.

"साहेब, मुलगी म्हणते इथे. ती चुकायची नाही." ते थांबले. "पण मला विचाराल, तर मी इथे कधी आलेलो नाही."

काकाने मान खाली घातली.

"असं कसं, आजोबा? आठवेल तसं सांगा."

मग बाबा सांगू लागले. लाद्या, कुत्री, परिचारिका, नऊ वह्या. तिसरी पायरी तुटकी होती म्हणून नवख्याला हात द्यावा लागायचा. अधिकाऱ्याने मनापासून ऐकलं. त्याचं पेन हलत नव्हतं.

"खरंच छान होतं हो तेव्हा," तो शेवटी म्हणाला. "पण हे मी कुठे लिहू? इथे एकच चौकट आहे."

तिने वही पुढे केली. दोन रेषा, चार जागा, छेद. त्याने दोन पानं नीट वाचली.

"बरोबर दिसतंय. पण ही तुमची आकडेमोड. मला साक्ष हवीय त्यांची. तुमचा तर जन्मच भरावानंतरचा." त्याने वही परत दिली आणि बाबांकडे वळून आवाज आणखी खाली आणला. "आजोबा, पुन्हा विचारतो. घाई नाही. हीच जागा ना? हो किंवा नाही."

त्याला 'हो' हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं. ते खरंही होतं. ती बाबांपासून दोन हातांवर उभी होती, आणि बोलायची परवानगी नसलेली ती एकटीच ते खात्रीने सांगू शकत होती.

बाबांचे ओठ हलले. त्यांनी काकाकडे पाहिलं, मग खांबाकडे.

"नाही सांगता येत," ते म्हणाले.

अधिकाऱ्याने लिहिलं : साक्षीदारास जागा ओळखता आली नाही. बाबांनी सही केली, लाँचच्या नोंदवहीत करायचे तशीच, खाली तारीख घालून. अधिकारी गेला. बायका यंत्रांवर परत आल्या.

"हो म्हणायला हवं होतं का रे, धाकट्या?"

"जाऊ दे, दादा." काकाचा आवाज कोरडा होता. "नवं बंदर चांगलं आहे म्हणतात. दिवे आहेत." आणि तो होडीकडे निघाला. चार पावलांवर त्याने खिसे चाचपले, काही सापडलं नाही, तो तसाच पुढे गेला.

बाबा तिथेच उभे होते.

"पाणी कुठल्या बाजूला होतं?" त्यांनी तिला विचारलं.

तिने हात केला.

"आणि पायऱ्या?"

"तुमच्या पायाखाली. अडीच मीटर."

"मोजलंस?"

"काढलंय हिशेबाने. भरावाच्या उंचीवरून."

त्यांनी फरशीकडे पाहिलं. कुणी विश्वासातलं माणूस सांगतंय म्हणून मानून घ्यावं, तशी मान हलवली. पण चेहऱ्यावर काही उजळलं नाही. ती वाट बघत राहिली.