बुडाखालचा तडा

प्राध्यापकांच्या घरात चिनी मातीची इतकी जुनी आणि दुर्मीळ भांडी होती, की चहा स्टीलच्या पेल्यातून प्यावा लागे. ही विसंगती पाहुण्यांच्या ध्यानात येई. घरच्यांच्या कधी आली नाही, कारण त्यांचं सारं ध्यान आपल्या कोपरांकडे असे. त्या घरात दार लावायचं ते दोन्ही हातांनी, वळायचं ते आधी मागे बघून, आणि हसू आलंच तर स्वयंपाकघरात जाऊन. संस्कृती जपण्याचं काम असं जोखमीचं असतं.

बायको गेल्यावर प्राध्यापकांनी सगळा संग्रह संग्रहालयाला देऊन टाकला. उद्या गाडी येणार होती आणि बांधाबांधीला लेक आली होती. लग्नानंतर ती या घरात एकही रात्र राहिली नव्हती. मुलं लहान आहेत, हात लावतील, ही सबब आधी प्राध्यापकांचीच होती. पुढे ती लेकीने उचलली. आता कपाटं रिकामी होतील, तेव्हा मुलांना घेऊन राहायला ये, एवढंच त्यांना तिला सांगायचं होतं. ज्यांनी आयुष्यभर सभागृहं गाजवली, ते सकाळपासून या एका वाक्याची जुळवाजुळव करत होते.

"बाबा, ही सुरई कापसात गुंडाळू?"

"कापूस नको. मऊ कापड घे. आणि उचलताना—"

"बुडाखाली दुसरा हात. माहीत आहे. घरी साधा पाण्याचा पेला ठेवतानाही माझा हात खाली जातो. मुलं नक्कल करून दाखवतात."

"चांगली सवय आहे."

"पेला प्लॅस्टिकचा आहे, बाबा."

प्राध्यापक खालच्या फळीकडे वाकले. तिथे अगदी मागे, भिंतीशी सारलेला, शेवाळी झिलईचा, म्हणजे काचेसारख्या लेपाचा एक वाडगा होता. लेकीची नजर तिकडे गेली आणि ती सुरईच्या कापडात गुंतली.

हा वाडगा घरात आला तेव्हा ती शाळेत जाणारी पोर होती. वडिलांना खूश करावं म्हणून तिने त्याच्या बुडाचा चिकट, काळा मळ जुन्या टूथब्रशने घासून काढला आणि लखलखीत वाडगा त्यांच्यापुढे धरला. वडिलांनी तो उलटा केला. बुडावर केसासारखी एक रेघ होती. विकत घेताना ती नव्हती, म्हणजे त्यांना दिसली नव्हती. आणि आपल्याला न दिसलेली गोष्ट अस्तित्वात असू शकते, हे मान्य करण्याइतकी त्यांची विद्वत्ता अजून खालावली नव्हती. पोर 'मी नाही फोडला' म्हणत राहिली. शेवटी आईने तिला बाजूला घेतलं, "हो म्हणून टाक गं, घर शांत होऊ दे," म्हणाली, आणि पोर हो म्हणाली. तेव्हापासून तिचं नाव 'धांदरट' पडलं. तिला शिल्पकला शिकायची होती. तुझ्या हातात काही टिकत नाही, असा वडिलांनी निर्वाळा दिला. आता ती एका कचेरीत हिशेब तपासते. आकडे खाली पडून फुटत नाहीत.

प्राध्यापकांनी वाडगा उलटा करून खिडकीशी नेला. सवयीने त्यांचं नख रेघेवरून फिरलं. नख अडकलं नाही. त्यांनी भिंग लावलं. झिलई रेघेच्या आत उतरून काठावर गोलसर झाली होती. हात लागून गेलेला तडा धारदार असतो. भट्टीत पडलेल्या तड्यात वितळलेली झिलई शिरते. हा फरक ओळखायला या देशात कोणी शिकवलं असेल, तर ते त्यांनीच. त्या लेखाबद्दल त्यांना शाल मिळाली होती. फक्त हा एक वाडगा त्यांनी पुन्हा कधी हातात घेतला नव्हता. त्याकडे पाहिलं की मन दुखतं, असं ते लोकांना सांगत.

रेघ लेकीपेक्षा काही शतकांनी मोठी होती.

"तू फोडला नव्हतास," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण व्यासपीठावरचा नव्हता. "हा भट्टीतलाच तडा आहे. मळाखाली झाकला होता. तू घासलास म्हणून दिसला."

लेकीने सुरईची गाठ पुरी बांधली.

"मी फोडला नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं, बाबा. तुम्हाला आज कळलं."

"मी चुकलो."

"आई असती तर तिला सांगा म्हटलं असतं. तिला शेवटपर्यंत वाटायचं, आपण पोरीला खोटं बोलायला लावलं."

प्राध्यापक खुर्चीत बसले. मग सकाळपासून जुळवलेलं वाक्य त्यांनी न जुळवताच म्हटलं, "मुलांना घेऊन इथे राहायला ये. आता घर मोकळं होईल. हा वाडगा तू ने. तुझाच आहे."

लेकीने वाडगा घेतला. एक हात काठाला, दुसरा बुडाखाली. शिकवल्याप्रमाणे अगदी बिनचूक. क्षणभर तिने त्या हिरव्या रंगाकडे पाहिलं, आणि तो रंग सुंदर होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने तो आवाज होऊ न देता टेबलावर ठेवला.

"हा संग्रहालयातच जाऊ दे. माझ्या घरात वस्तू पडतात, फुटतात, आणि आम्ही केरात टाकतो. मुलांना तेवढंच माहीत आहे. त्यांना इथे आणलं, तर मीच त्यांना हळू चाला म्हणेन. कपाटं रिकामी असली तरी म्हणेन."

"कधीतरी, दिवसापुरती?"

"विचारते त्यांना." तिने पर्स उचलली. "चहा प्यायचा राहिलाय तुमचा. गार झाला."

ती गेली. दार तिने दोन्ही हातांनी लावलं. ते लागलेलं प्राध्यापकांना ऐकूही आलं नाही.