मिशीतली चमक

लेकीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणायचं होतं, म्हणून गाडीचं तेल बदलायला काढलं. दुकानदाराने तेल गाळणारे दोन फिल्टर पुढे केले. मी त्यातला हाताला जड लागणारा, दाट घड्यांच्या कागदाचा घेतला. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पण गाळणी बरी असावी, एवढं चहाने शिकवलं आहे.

"दाजी, टोपी घातली तुम्हाला," घरी मदतीला आलेला मेव्हणा म्हणाला. "सगळे फिल्टर एकाच माळेचे मणी."

मेव्हणा विमा कचेरीत असतो. त्यामुळे जगात अपघाताशिवाय त्याला काही दिसत नाही. गाडीतला जुना फिल्टर काढून त्याने अंगणातल्या स्टुलावर ठेवला आणि "पोटात काय आहे ते बघू" म्हणत लोखंडाच्या करवतीने कापला. मग त्याचा चेहरा पडला.

"चमक! धातूचा कीस आहे, दाजी. इंजिन आतून झिजतंय. गाडी उद्या भर रस्त्यात बसणार. बाळाला घेऊन कुठे उभे राहाल?"

लेकीला काय सांगायचं?

इतक्यात बायको हात पुसत बाहेर आली. चष्मा लावून तिने आधी फिल्टर पाहिला, मग भावाला.

"काय रे, तुझ्या मिशीतही चमकतंय."

"काहीतरीच काय, ताई!"

"बाहीवरही आहे. तुझंही इंजिन झिजलं वाटतं?"

तिने कापलेल्या कडेपासून लांबची, अगदी आतली कागदाची घडी उलगडली आणि पांढऱ्या फडक्यावर दाबली. काळं तेल उमटलं. चमक औषधालाही नाही.

"पत्रा करवतीने कापलास, तर कीस पडणार नाही तर काय साखर पडणार?"

मी पायरीवर टेकलो. बऱ्याच वेळाने पुरता श्वास घेतला. जुना फिल्टरही मीच निवडला होता, हे तेवढ्यात सांगून घेतलं. अशी संधी संसारात वारंवार येत नाही.

मेव्हण्याने नवा फिल्टर बसवला. त्याआधी त्याच्या रबराच्या कड्याला तेलाचं बोटही न सांगता लावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी बायकोने चालवली. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. नातीने मात्र घरापर्यंत टाहो फोडला आणि आम्ही सगळे तो कौतुकाने ऐकत राहिलो. मेव्हणा मिशी काढून आला होता.