निव्वळ कूलंट

मुलगा, सून आणि चार वर्षांची नात उद्या सकाळी उत्तरेकडच्या खाणीवर राहायला निघणार होते. चार दिवसांचा रस्ता, उणे तीस अंश थंडी, आणि वाटेत शंभर-शंभर किलोमीटर चिटपाखरू नाही. तिथं इंजिन बंद पडलं तर गाडीतली माणसं सकाळ बघत नाहीत, हे मुलाचा बाप, गॅरेजवाला मिस्त्री, पुरतं ओळखून होता.

म्हणून त्यानं जिवाचं रान केलं. नवी बॅटरी बसवली, बर्फाचे टायर चढवले, मागे फावडं, दोरखंड आणि तीन रजाया कोंबल्या. इंजिनातलं पाणी थंडीत गोठू नये म्हणून गिऱ्हाइकांच्या रेडिएटरमध्ये तो निम्मं कूलंट, निम्मं पाणी घालायचा. मुलाच्या गाडीत मात्र निव्वळ कूलंट ओतलं. हात आखडायचा तो परक्यासाठी, पोटच्या पोरासाठी कसला?

सून औषधांच्या दुकानात कामाला. लेबल वाचल्याशिवाय ही नळाचं पाणीसुद्धा पिणार नाही, असं मुलगा म्हणायचा. तिनं कूलंटचा रिकामा डबा उचलून बघितला.

"बाबा, यावर निम्मं पाणी घाला असं लिहिलंय. निव्वळ वापरलं तर लवकर गोठतं म्हणे."

"कोण म्हणे? डबा? अगं, गोठतं काय? पाणी! मग ते घालायचंच कशाला? सूनबाई, तू गोळ्या बघ, गाडीचं माझ्यावर सोड."

सुनेनं दुसऱ्या डब्यातून दोन बाटल्या भरल्या, एकीत निव्वळ कूलंट, दुसरीत निम्मं पाणी घालून. "होऊन जाऊ दे एकदाचं!" म्हणत मिस्त्रीनंच झाकणांवर खडूनं खुणा केल्या. शेजारच्या आइस्क्रीमवाल्यानं हसत हसत दोन्ही आपल्या फ्रीजरच्या तळाशी ठेवल्या.

संध्याकाळी सुनेनं त्या आणून बाकावर आडव्या केल्या. पाणी घातलेली खळखळली. निव्वळ कूलंटचा मात्र गच्च लगदा झाला होता, जागचा हलेना.

"अदलाबदल झाली असेल," मिस्त्री म्हणाला. पण खुणा त्याच्याच हातच्या होत्या. त्यानं बाटली ठोकली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग तो मटकन स्टुलावर बसला.

"असू दे बाबा, होतं असं कधी कधी," मुलगा म्हणाला.

"होतं काय होतं! पोरीसकट मेला असतास रे! माझ्या हातानं!"

उठून त्यानं रेडिएटरचं खालचं बूच काढलं आणि होतं नव्हतं ते सगळं घमेल्यात सोडलं. दोनदा पाण्यानं धुऊन काढलं. नवं मिश्रण सुनेनं मापलं, त्यानं नुसतं नरसाळं धरलं. झाकण लावून झाल्यावर तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"आता बाकीचंही सगळं बघून घे," तो सुनेला म्हणाला.

"बाबा, बाकीचं तुम्ही स्वतः केलंय की."

"म्हणूनच म्हणतोय. गिऱ्हाइकाच्या गाडीत अशी चूक मी जन्मात केली नाही."

सून टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. मिस्त्री बाजूला उभा राहिला.