दुसरं समीकरण

“उत्तर दोन्ही समीकरणांत घालून बघ, पोरी. ज्यातून काढलंस ते हो म्हणणारच. दुसऱ्याला विचार.”

गणित शिकवणारे काओ सर वारले त्याला बरीच वर्षं झाली, पण लुकांग गावातल्या त्यांच्याच शाळेत खडू हातात घेतला की मानछिंगबाईंच्या तोंडी सरांचेच शब्द येत. आजही आले. फळ्यावर दोन ओळी होत्या: क्ष अधिक तीन य बरोबर अकरा, क्ष उणे य बरोबर तीन. वजाबाकीत चिन्ह चुकलं की क्ष सात आणि य चार येतो. सातातून चार गेले, तीन उरले. खालची ओळ खूश. वरच्या ओळीत घातलं की मात्र एकोणीस!

“बाई,” मागच्या बाकावरून शिनया म्हणाली, “रूयुनच्या वेळी तुम्ही दुसऱ्याला विचारलंत?”

कुणी हसलं नाही. बाईंचा भाचा पोहान वहीत तोंड खुपसून बसला.

चाचणीत याच गणिताला त्याचं आणि रूयुनचं तेच चुकीचं उत्तर आलं होतं. “मावशी, तिनं माझं बघून लिहिलं,” तो म्हणाला आणि बाईंनी रूयुनचा पेपर रद्द केला. “बाई, माझंही ऐका ना,” पोर काकुळतीला आली होती. “उद्या ऐकते हं, नक्की.” तो उद्या उजाडलाच नाही. रूयुन शाळा सोडून वडिलांच्या गाड्यावर कालवांची आमलेटं उलटू लागली.

“प्रवेशपरीक्षेलाही बसणार नाही म्हणते,” शिनया हळूच म्हणाली.

शाळा सुटल्यावर बाई नेमानं वेनचांग देवाच्या दर्शनाला गेल्या. विद्येचा देव तो. त्याच्यापुढे मुलांच्या प्रवेशपत्रांच्या प्रती आणि त्यांवर बुद्धी तल्लख व्हावी म्हणून वाहिलेल्या कांद्याच्या पातीच्या जुड्या. रूयुनची प्रत कुठं दिसेना. त्यांनी कौल लावला, “देवा, पोरीनं खरंच बघून लिहिलं होतं का रे?”

कौलाच्या दोन्ही लाकडी चंद्रकोरी सपाट बाजू वर करून पडल्या. ना हो, ना नाही. असा कौल पडला की देव नुसता हसला म्हणायचं. पुन्हा टाकल्या. पुन्हा हसलाच.

तिसऱ्यांदा उचललेल्या कोरी बाईंनी हलकेच जागेवर ठेवल्या. हात जोडले आणि आपण वाहिलेली पातीची जुडी प्रसाद म्हणून परत घेतली.

आज पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला बाईंचं शाकाहाराचं व्रत असे. रूयुनच्या वडिलांचा गाडा होता त्या कालवांच्या वासाच्या गल्लीत अशा दिवशी त्या पाऊल टाकत नसत. तरी जुडी हातात घेऊन त्या देवळाच्या पायऱ्या उतरल्या आणि तिकडेच वळल्या.