ताई बसली की ब्रेकर पडतो

गाडीत वीज आली त्या दुपारी मागच्या डाव्या बाकावर बसण्याचा पहिला मान ताईला देण्यात आला. ताई बसली, आणि वीज गेली.

"गेली वाटतं," ताई म्हणाली.

धाकट्याने, तिच्या भावाने, दाराजवळच्या पेटीचे झाकण उघडले. ब्रेकर पडला होता. त्याने तो वर केला. तो पुन्हा पडला. ताई काय झाले ते बघायला उठली, त्याने पुन्हा एकदा ब्रेकर वर केला, आणि भिंतीवरचा दिवा काही घडलेच नाही अशा थाटात लागला.

ही गाडी पूर्वी एका धुलाई कंपनीच्या चादरी वाहत असे, आणि आत अजूनही साबणाचा वास येई. वजने-मापे खात्यातून निवृत्त झाल्यावर धाकट्याने ती विकत घेऊन तिचे चाकांवरचे घर करायला घेतले होते. फळ्या त्याने स्वतः कापल्या, बाक आणि त्यापुढचे टेबल स्वतः ठोकले. शेवटी राहिली होती वीज. मुक्कामाच्या तळावरच्या खांबाला केबल जोडली की गाडीत घरच्यासारखी वीज यावी, एवढीच अपेक्षा. त्यासाठी गाडीच्या कुशीला गोल भोक पाडून झाकणाचे निळे सॉकेट बसवले, अर्थिंगची तार गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळली, आणि आत हा ब्रेकर लावला. विजेचा अंशही भलत्या वाटेने पत्र्यात गेला, तर डोळ्याचे पाते लवण्याआधी तो पडतो आणि माणूस वाचतो. तळावरचा खांब अजून दूर होता, म्हणून सध्या केबल स्वयंपाकघराच्या खिडकीतून आली होती.

सगळे ताईसाठी चालले होते, असे धाकटा उघडपणे कधी म्हणाला नाही. पण त्याच्या बायकोला ते ठाऊक होते. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवले. तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, कुठकुठल्या गावांचे फोन जोडून दिले, आणि त्यातले एकही गाव पाहिले नाही. गाडी आली तेव्हाही तिचे एकच पालुपद होते: "तुम्ही जा, मी घर बघते." मग एक दिवस बाकाची गादी शिवता शिवता तिने शेजारी स्वतःची उशी ठेवून मापली, आणि दुसऱ्या दिवशी ती उशी गाडीत दिसली. तोच तिचा होकार. कुठे माशी शिंकली तर तो मागे घेता यावा, म्हणून तिने तो तोंडाने उच्चारलाही नव्हता. परवा निघायचे ठरले होते.

जोडणी तपासायला बोलावलेला वायरमन अजून तिथेच होता. त्याच्या हाताला यश होते, तोंडाला लगाम नव्हता.

"ताई, अंगावर धातूचं काही?"

"चष्मा आहे."

"काढा. आता बसा."

ताई चष्मा काढून बसली. वीज गेली.

"उठा. आता कशाला हात लावायचा नाही. वर धरा दोन्ही."

बँकेवर दरोडा पडल्यावर कॅशियर धरतो तसे दोन्ही हात वर धरून ताई बसली. वीज गेली.

वायरमनने हनुवटी खाजवली. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना तुमच्या? आत काय बसवलंय?"

"मला काय विचारतोस? मी झोपले होते."

"स्टीलच असणार! गाडीचं अर्थिंग तुमच्या गुडघ्यात शिरतंय."

"वा रे वा!" धाकट्याची बायको म्हणाली. "आणि वन्सं घरात टीव्हीसमोर बसतात तेव्हा कुठे शिरतं?"

"वहिनी, घर वेगळं, गाडी वेगळी. काही माणसांच्या अंगातच वीज असते. माझ्या मावशीच्या मनगटावर घड्याळ म्हणून कधी चाललं नाही."

"मावशी किल्ली द्यायची का त्याला?" ताईने विचारले.

स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल आणून गाडीच्या मधोमध ठेवले. ताई त्यावर बसली. दिवा लागलेलाच राहिला. वायरमनने विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले. "झालं! लाकडानं गुडघ्याचं कनेक्शन तोडलं. प्रवासात ताई स्टुलावर."

"धावत्या गाडीत? स्टुलावर? सर्कस काढलीय का आम्ही?" बायको म्हणाली.

स्टुलावरून उठून ताईने चष्मा लावला आणि दिव्याकडे जरा वेळ पाहिले. "राहू दे गं," ती म्हणाली. "गाडीला तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाली. आता चौथ्यांदा गळ्यात पडायचं म्हणजे लाजच सोडायची. तुम्ही जा, मी घर बघते."

आणि उशी काखेत मारून ती घरात निघून गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटा बराच वेळ तोच एक कप धुवत होता.

"स्टुलावर पडत नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बाकावर पडतो. पण तू बसलीस तर नाही, मी बसलो तर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फळी."

"फळीचं काय?"

"वाकते. खाली कुठेतरी वायर दबतेय."

बायकोला उलगडा झाला. "अहो, मग सांगा की त्यांना! गुडघा नाही, नशीब नाही, नुसतं वज—"

"हळू बोल!"

इथे धाकट्याची अडचण समजून घ्यायला हवी. आयुष्यभर त्याने दुकानदारांचे काटे तपासले होते. पोते पाहून ते किती उणे भरेल हे तो रस्त्यावरून सांगे, आणि सवयच अशी जडली होती की समोरून येणाऱ्या माणसाचे वजन त्याला नावाआधी आठवे. ताईच्या बाबतीत मात्र त्याने नजरेला तशी मुभा कधी दिली नव्हती. एक्स्चेंजमध्ये एकदा तिच्याखालची खुर्ची मोडली होती, आणि अख्खे दालन हसले होते. तेव्हापासून ताई कुठेही गेली की आधी खुर्चीकडे पाही, मग माणसांकडे.

"त्यांना स्वतःचं वजन माहीत नसेल का?" बायकोने विचारले.

"माहीत असणं वेगळं, आणि धाकट्या भावानं खात्यातर्फे कळवणं वेगळं."

"मग काय, ब्रेकर कळवणार?"

तर ठरले असे, की ताईला पत्ता न लागू देता तिच्याइतका भार बाकावर ठेवायचा, दोष शोधायचा, दुरुस्त करायचा, आणि मग 'गुडघ्याचं बघितलं, काही नाही' असे सांगून उशी परत आणायची.

दुसऱ्या दिवशी ताई दुपारची पडली होती तेव्हा धाकटा, त्याची बायको आणि वायरमन असे तिघे बाकावर ओळीने बसले. दिवा लागलेला होता. तिघेही त्याच्याकडे टक लावून पाहत होते.

"जरा मधे सरका," धाकटा म्हणाला.

"अजून किती सरकू? वहिनींच्या मांडीवर बसू?" वायरमन म्हणाला. "मी सांगतो, गुडघाच आहे. इथं दुसरा गुडघा आणला पाहिजे."

धाकट्याने आपल्या तिघांचा मनाशी हिशेब केला. "एक डॉक्टर कमी पडतोय," तो म्हणाला.

कुंपणापलीकडे दातांचे डॉक्टर राहत. अंगाने ते भरभक्कम होते. त्यांना हाक मारण्यात आली.

"डॉक्टर, जरा बसायला येता का?"

"काय विशेष?"

"विशेष काही नाही. नुसतं बसायचं."

डॉक्टरांना भरून आले. "जन्मभर लोकांना खुर्चीत बसवत आलो," चढता चढता ते म्हणाले. "मला 'बसा' म्हणणारे तुम्ही पहिलेच." आणि धाकटा व वायरमन यांच्यामध्ये असलेल्या नसलेल्या जागेत ते बसले.

वीज गेली.

"गेली!" धाकटा ओरडला. बायकोने टाळ्या वाजवल्या. वायरमनने डॉक्टरांच्या गुडघ्यांकडे संशयाने पाहिले. "तुमचं काही ऑपरेशन—?"

"काल मी बसले तेव्हा टाळ्या नाही वाजल्या त्या."

दारात ताई उभी होती. हातात चहाचा ट्रे होता. कप तीनच होते, कारण डॉक्टरांची तिला कल्पना नव्हती.

कोणी हलले नाही. तसे हलणे शक्यही नव्हते.

ताईने चौघांकडे पाहिले, मग बाकाकडे, मग पुन्हा चौघांकडे. "असं आहे होय," ती म्हणाली. "चार माणसं लागली?"

"ताई, तसं नाही," धाकटा घाईने म्हणाला. "कडेला बसणाऱ्यांचं वजन फळीला लागतच नाही, ते चौकटीवर जातं. चौघांतले दोघे हिशेबात धरायचेच नाहीत."

"मी धरायचा की नाही?" डॉक्टरांनी विचारले.

"तुम्ही गप्प बसा हो," बायको म्हणाली.

ताईने ट्रे पायरीवर ठेवला आणि ती स्वतः पायरीशेजारी उभीच राहिली. तिचा चेहरा रागाचा नव्हता, आणि त्यानेच धाकट्याला जास्त भीती वाटली.

"रात्रभर मी काय विचार करत होते, माहितीये?" ती म्हणाली. "की माझ्या बसण्यातच काही वाईट आहे. आईच्या वेळेपासून एकेक आठवत गेले. आणि तुला काल संध्याकाळीच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वजनाचं? अरे छोट्या, ते मी रोज घेऊन हिंडते. माझ्यापासून काय लपवतोस ते?" तिने ट्रेकडे हात केला. "जाऊ दे. माझ्यापायी सगळ्यांना वेठीला धरलं. चहा घ्या. मी घरीच बरी."

ती वळली. बायकोने नवऱ्याला कोपर मारले. धाकटा डॉक्टरांच्या आणि टेबलाच्या फटीतून कसाबसा बाहेर आला आणि पायरीवरच्या कपांवरून उडी मारून ताईसमोर उभा राहिला.

"ताई, आमच्याकडून होत नाही," तो म्हणाला. "आम्ही चौघं बसलो की खाली वाकून बघायला माणूस उरत नाही. तू एकटीच ते करू शकतेस. तू बस, मी खाली बघतो."

वायरमन म्हणाला, "हे मात्र बरोबर आहे."

ताईने डॉक्टरांकडे पाहिले. "उठा मग," ती म्हणाली.

डॉक्टर उठले. ब्रेकर वर करण्यात आला. धाकटा टॉर्च घेऊन बाकाखालच्या पेटीत खांद्यापर्यंत शिरला. "बस."

ताई बसली. दिवा तसाच राहिला.

"झाली वाटतं दुरुस्त आपली आपण," वायरमन म्हणाला.

बाकाखालून आवाज आला: "ताई, तू अर्धीच बसली आहेस."

"पूर्ण बसलेय."

"फळी जागची हललेली नाही. तू टेबलाला धरलंयस."

बायकोने पाहिले. ताईचे दोन्ही तळहात टेबलावर टेकले होते, कोपरे ताठ होती, आणि तिचा अर्धाअधिक देह त्या कोपरांवर तोललेला होता. हे इतके बेमालूम होते, की या घरात नांदायला आल्यापासून वन्सं प्रत्येक ठिकाणी अशाच बसत आल्या आहेत, हे तिच्या आत्ता लक्षात आले.

"सवय आहे," ताई म्हणाली.

"हात काढ."

"मोडेल."

"मी ठोकलाय बाक. मोडला तर माझ्या डोक्यावर मोडेल. बस तू."

ताईने एक हात उचलला. मग दुसरा. फळी कुरकुरली, खाली गेली, वीज गेली, आणि अंधाऱ्या पेटीतून, टॉर्चच्या उजेडात, धाकटा आनंदाने किंचाळला, "दिसला!"

बाकाचा एक स्क्रू लागत होता त्यापेक्षा लांब होता. तो लोखंडी पट्टीतून आरपार आला होता आणि पट्टी गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती. फळी वाकली की फळीखालून नेलेली वायर त्याच्या टोकावर दबत होती. स्क्रू धाकट्याने निवडला होता आणि वायर तिथून वायरमनने नेली होती, त्यामुळे दोघांनीही चर्चा वाढवली नाही. केबल घराच्या बाजूने काढून त्यांनी आखूड स्क्रू बसवला, वायर बदलून भिंतीच्या कडेने पाइपात घातली, आणि केबल पुन्हा लावली.

ताई बसली. या वेळी हात मांडीवर. फळी पुन्हा वाकली आणि दिवा लागलेला राहिला. ताईने हळूच पाठ टेकली, मग पाय पुढे केले. दिव्याला काही देणेघेणे नव्हते.

"जमलं की हो, वन्सं," बायको म्हणाली. "चला आता. उद्या सकाळी लवकर निघायचंय."

"निघायचंय तर आत्ता निघा," ताई म्हणाली.

"आत्ता? वन्सं, कपडे भरायचेत, डबे भरायचेत—"

"मग भरा. मी उठणार नाही. उठून घरात गेले तर गॅस दिसेल, कुंड्या दिसतील, आणि मी म्हणेन, तुम्ही जा. माझा मला भरवसा नाही. उशी तेवढी आणून दे."

कोणी वाद घातला नाही. ताई बसल्या जागेवरून फर्मान सोडत गेली: कपाटाचा दुसरा कप्पा, गोळ्या खिडकीत, दूध डॉक्टरांना. डॉक्टरांच्या हातात घराची किल्ली आली आणि वायरमनच्या हातात पाणी घालायचा झारा.

"ताई, एक मिनिट उठ," शेवटी धाकटा म्हणाला. "पांघरुणं तुझ्याखालच्या पेटीत जायचीत."

"मांडीवर दे."

पांघरुणे मांडीवर गेली. त्यांच्यावर टॉवेल, त्यांवर डब्यांची पिशवी. ढिगामागून ताईचा चष्मा तेवढा दिसत होता. धाकट्याने केबल काढून गुंडाळली, निळ्या सॉकेटचे झाकण दाबून बंद केले आणि स्टिअरिंगवर बसला.

गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा डॉक्टर झाऱ्यासकट मागे धावत आले. वायरमनने तो त्यांच्याकडे सोपवला असावा.

"अहो थांबा! गाडी डावीकडे कललीय!"

"माहीत आहे!" धाकटा ओरडला, आणि त्याने दुसरा गिअर टाकला.