मिठाचा दगड

मी एक जुना वीरगळ आहे. कासार आंबोलीच्या मसणवट्यात, ओढ्याकाठी राहतो. मसणवटा म्हटल्यावर दचकू नका, मित्रांनो. आमच्याकडे करंजाची गार सावली आहे, चार-पाच जुन्या समाध्या आहेत आणि होले दिवसभर घुमत असतात.

गुरं पळवणाऱ्या चोरांशी लढताना गावचा एक गडी पडला, त्याच्या आठवणीसाठी मला घडवलं. पाथरवटाने माझ्या अंगावर खाली गाई कोरल्या, मध्ये लढाई, आणि वर तोच वीर महादेवापुढे हात जोडून बसलेला. नाव तेवढं कोरायचं राहिलं. पुढे एका पुरात मी पालथा पडलो, तो पडलोच. तोंड चिखलात, पाठ उन्हात. लोक मला विसरले याचं फार वाईट वाटायचं.

मग मेंढरं आली. मेंढपाळ राजाबाईच्या सासूला माझी सपाट पाठ पसंत पडली. मेंढरांना मीठ लागतं, ते ती माझ्यावर पसरायची. सासूमागे राजाबाईनेही तेच चालवलं. त्या खरखरीत जिभांनी पाठ अशी खाजवली जायची की मी दुःखबिःख विसरून जायचो.

यंदा मसणवट्यात शेड बांधायला घेतली. काम पाहणाऱ्या हैबतरावांनी मला फोडून पायाच्या भरावात टाकायला सांगितलं. जेसीबी घुरघुरत आला. मी मनातल्या मनात समाध्यांचा निरोप घेतला. तेवढ्यात राजाबाईने मिठाची अख्खी पिशवी माझ्या पाठीवर रिकामी केली. चाळीस मेंढरं माझ्याभोवती दाटली आणि जेसीबीवाल्याला यंत्र बंद करावं लागलं.

“राजाबाई, मेंढरं हाकल की,” हैबतराव म्हणाले.

“मीठ सोडून न्हाई हालायची ती. माझ्या सासूपास्नं मीठ हितंच हाय. दगड अख्खा उचला, कडंला ठेवा, मग बांधा काय बांधायचं ते.”

मीठ संपेपर्यंत सगळे सावलीत बसून राहिले. तोवर हैबतरावही निवळले. मला दोर बांधून उचललं, तसा चिखल गळून पडला. गाई दिसल्या, लढाई दिसली. हैबतरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

“ह्याला मी फोडाया निघालो हुतो,” ते हळूच म्हणाले.

आता मी करंजाखाली ताठ उभा आहे. मला फासायला शेंदूरही आणला होता, पण मेंढरांच्या पोटात जाईल म्हणून राजाबाईने तो लावू दिला नाही. मीठ ती माझ्या पायथ्याशी ठेवते. ज्याने गुरं वाचवली, त्याला मेंढरांनी वाचवलं, याचं मला रोज हसू येतं.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझा एखादा भाऊबंद पालथा पडला असेल. त्याला फोडण्याआधी एकदा उलटून तरी बघा.