कुमुदचा रिपोर्ट

विचुंब्याच्या गंगाबाईने ओटीवर जवळा निवडता निवडता सुनेच्या पोटाकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं. बाई मनाने वाईट नव्हती हो, पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की चांगल्या माणसाचंही काही चालत नाही. कुमुदचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. ती नवीन पनवेलला दुकानात कामाला जायची, गावातल्या मिथुनच्या रिक्षातून परतायची, आणि पोट मात्र महिन्यामहिन्याने वाढत होतं.

शेजारच्या हळदीत विधवा म्हणून तिला कुणी मांडवात घेतलं नव्हतंच. बायकांनी कुजबुजून ओटीवरूनही उठवलं. त्याच दिवशी सासूने तिचं काम बंद केलं, फोन काढून घेतला. पोट दुखतंय, डॉक्टरकडे न्या, असं कुमुद सांगून थकली. गंगाबाईला ती सगळी नाटकं वाटली. गवगवा नको म्हणून पोट पाडायचे काढे महिनाभर तिच्या घशात ओतले. कुमुद मोरीत घेरी येऊन पडली तेव्हा कुठे सासू तिला उरणला घेऊन गेली, तेही ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहून सांगितलं, अंडाशयावर तंतूंची गाठ आहे, बहुधा साधीच, काढावी लागेल. अशा गाठी कुणाला कातडीवर होतात, कुणाला दात लागून गालात, कुणाला तळपायात. गंगाबाईच्या तळपायात अकरा वर्षं गाठ होती. तिचा बाप कोण, असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. गाठ साधीच असल्याचा रिपोर्ट घरी आला आणि गंगाबाईचा जीव भांड्यात पडला. ती लगेच त्याचा फोटो गावच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकायला निघाली. कुमुदने कागद हातातून काढून घेतला.

"नाय टाकायचा."

"अगो, तुझा काय दोष नाय, ते गावाला कलू दे."

"मना कागद दाखवून चांगली नाय ठरायचं, आय. टाके सुकले की मी कामाला जानार, मिथुनच्याच रिक्षातून. आनी पुढच्या हळदीला मांडवात बसनार." तिने कागदाची घडी घातली. "एक सांगा. गाठ नसती, पोर असता, तर तुमी माझा काय केला असता?"

गंगाबाईने फोटोसाठी काढलेला फोन परत ठेवून दिला. वाचकहो, तुमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर काय आहे?